दुबईची कंपनी आणि बापाचा फंड

रविवारची सकाळ होती. विहारातली बैठक आटोपून घरी आलो, तो ओट्यावर दोघे जण वाट पाहत बसलेले. एक पूर्णा जंक्शनचे आमचे जुने स्नेही. रेल्वेच्या रुळांवर उभी हयात घालवून दोनच महिन्यांपूर्वी निवृत्त झालेले. दुसरा त्यांचा थोरला मुलगा.

"जयभीम भाऊ. पोराला जरा कागद दाखवायचेत तुम्हाला," स्नेही म्हणाले.

मी एक साधा कारकून. पण बी.कॉम. झालेला माणूस म्हणून वस्तीतले हिशेबाचे, फॉर्म भरण्याचे काम माझ्याकडे येते. कुणाची पेन्शन अडलेली, कुणाच्या मुलीची शिष्यवृत्ती. त्या दिवशीचा कागद मात्र वेगळाच होता. गुळगुळीत, रंगीत, वर उंच इमारतींचे चित्र. मुलगा उत्साहाने म्हणाला, "काका, नोकरी नाही ही. दुबईत कंपनी. मी मालक होणार. पार्टनर व्हिसा मिळणार."

मुलगा आय.टी.आय. झालेला, फ्रिज आणि ए.सी. दुरुस्त करतो. हातात कसब आहे. एजंटाने त्याला सांगितले होते की सात लाख रुपये भर, चौघांच्या कंपनीत दहा टक्के हिस्सा घे, व्हिसा आम्ही करून देतो. आणि सात लाख कोठून येणार? बापाच्या फंडातून. तो फंड म्हणजे धाकट्या मुलीच्या नर्सिंग कॉलेजची फी आणि म्हातारा-म्हातारीचा उद्याचा घास.

मी म्हणालो, "आठ दिवस द्या. तोपर्यंत एक रुपयाही देऊ नका." त्या आठ दिवसांत जे वाचले, जाणकारांना विचारले आणि कागदावर मांडले, ते आज वाचकांपुढे ठेवतो. आपल्या मुलांना मालक व्हावेसे वाटते ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण मालक होणे म्हणजे नेमके काय, हे घरातल्या प्रत्येकाला कळले पाहिजे. आयांना आणि बहिणींनासुद्धा, कारण पैसा त्यांच्याही वाट्याचा असतो.

मालक होण्याची ओढ जुनी आहे

धंदा करू नये, नोकरीच बरी, असे कुणी म्हणेल तर मी त्याच्याशी सहमत नाही. खुद्द बाबासाहेबांनी बडोद्याहून परतल्यावर मुंबईत शेअर आणि गुंतवणुकीचा सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले आणि ती पेढी बंद करावी लागली. परदेशातून अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसाची ही गत. ज्ञान कमी नव्हते. जात आडवी आली.

म्हणूनच आपल्या मुलाला परदेशाचे आकर्षण अधिक वाटते. तिथे आडनाव विचारून कुणी पाण्याचा ग्लास दूर सरकवत नाही, असे तो ऐकतो. सांगली जिल्ह्यातल्या पेड गावचे अशोक खाडे यांचे उदाहरण आपल्यातल्या अनेकांना माहीत आहे. चर्मकार समाजातल्या गरीब घरातला हा मुलगा मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये कामाला लागला. पाणबुडीच्या कामासाठी 1983 साली डॉकने त्यांना जर्मनीला पाठवले. पुढे दत्ता, अशोक आणि सुरेश या तिघा भावांनी मिळून कंपनी काढली. तिघांच्या नावांची आद्याक्षरे जोडून 'दास' हे नाव झाले. समुद्रातल्या तेलविहिरींची कामे ही कंपनी करू लागली. यातला क्रम लक्षात घ्या. आधी काम शिकले, मग परदेश पाहिला, मग बाजार ओळखला आणि सर्वांत शेवटी कंपनी आली.

दुबईतच मोठे झालेले मराठी नाव म्हणजे धनंजय दातार. विदर्भातून गेलेले. त्यांच्या वडिलांनी 1984 साली दुबईत किराण्याचे लहानसे दुकान थाटले. मुलगा मदतीला गेला. झाडलोट करण्यापासून गोण्या उचलण्यापर्यंत सगळे त्याने केले. सुरुवातीच्या तोट्यात आईचे दागिने मोडावे लागले, हे दातारांनी स्वतः सांगितले आहे. पुढे त्याच दुकानातून 'अल अदील' हा मसाले आणि किराण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. इथेही आधी दुकान आहे, गिऱ्हाईक आहे, कष्ट आहेत. आमच्या मुलाच्या रंगीत कागदावर मात्र गिऱ्हाइकाचा कुठे उल्लेखच नव्हता. होता तो फक्त व्हिसा.

तिथला कायदा काय सांगतो

पूर्वी संयुक्त अरब अमिरातीत परक्या माणसाला साधी कंपनी काढायची तर 51 टक्के मालकी तिथल्या नागरिकाच्या नावावर ठेवावी लागे. 1984 च्या कंपनी कायद्याची ही अट होती. पैसा आपला, घाम आपला, आणि कागदावर मोठा वाटा स्थानिक भागीदाराचा. तो दरवर्षी ठरलेली रक्कम घेई. माणूस भला निघाला तर निभावे, नाहीतर उभे केलेले दुकान हातचे जाई.

यातून वाट म्हणून 'फ्री झोन' निघाले. जेबेल अली बंदराजवळचा फ्री झोन 1985 साली सुरू झाला. अशा क्षेत्रात परक्या माणसाला पूर्ण मालकी मिळते. मात्र फ्री झोनच्या कंपनीला शहराच्या खुल्या बाजारात सरसकट धंदा करता येत नाही, त्यासाठी वेगळी परवानगी किंवा वेगळी व्यवस्था लागते. घरोघरी जाऊन ए.सी. दुरुस्त करू पाहणाऱ्या मुलाला भलत्याच कामाचा फ्री झोनचा परवाना घेऊन काय उपयोग? स्वस्त परवान्याच्या जाहिरातीत ही गोष्ट बारीक अक्षरातही नसते.

मग 2020 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि 2021 च्या जूनपासून दुबईत बहुतेक व्यापार-उद्योगांना 100 टक्के परकीय मालकीची मुभा मिळाली. संरक्षण, बँका अशी काही महत्त्वाची क्षेत्रे तेवढी वगळली आहेत. म्हणजे आता स्थानिक भागीदाराशिवायही, एकट्या माणसाच्या नावावर मर्यादित जबाबदारीची कंपनी निघू शकते. एजंट जे सांगत होता त्यातले एवढे खरे होते.

नोंदणीच्या पायऱ्या साधारण अशा आहेत. प्रथम धंदा कोणता ते ठरवायचे. परवाना त्या कामापुरताच मिळतो. किराण्याच्या परवान्यावर ए.सी. दुरुस्ती चालत नाही. मग कंपनीचे नाव राखून ठेवायचे आणि सरकारी खात्याची प्राथमिक मंजुरी घ्यायची. त्यानंतर भागीदारीचा करारनामा. कुणाचा वाटा किती, मॅनेजर कोण, सही कुणाची, हे त्यात असते. मग जागेचा नोंदणीकृत भाडेकरार. खाद्यपदार्थांसारखा धंदा असेल तर नगरपालिकेसारख्या खात्याची जादा परवानगी. हे सगळे जोडून फी भरली की परवाना हाती येतो.

लोकांना वाटते, इथे संपले. खरे तर इथे सुरू होते. कंपनीचे इमिग्रेशन कार्ड, मालकाचा व्हिसा, वैद्यकीय तपासणी, ओळखपत्र, विमा. मग बँकेतले खाते. नवख्या कंपनीला खाते देताना बँक धंदा कोणता, पैसा कुठून आला, गिऱ्हाईक कोण, असे सगळे विचारते, आणि नकारही देऊ शकते. परवान्याचे नूतनीकरण दरवर्षी. धंदा चालो न चालो, भाडे आणि फी चुकत नाही.

"दुबईत कर नाही" हेही वाक्य जुने झाले. 1 जानेवारी 2018 पासून तिथे 5 टक्के व्हॅट आहे. वार्षिक उलाढाल 3,75,000 दिरहमच्या वर गेली की नोंदणी सक्तीची. जून 2023 पासून कंपन्यांच्या नफ्यावरही कर आला. 3,75,000 दिरहमपर्यंतच्या नफ्यावर शून्य आणि त्यावरच्या नफ्यावर 9 टक्के. म्हणजे हिशेबाच्या वह्या तिथेही ठेवाव्याच लागतात.

आपल्या देशाचा कायदाही आहे

एजंटाने स्नेह्यांना सांगितले होते, "पैसे इथे रोख द्या, तिकडे पावती मिळेल." हे वाक्य ऐकले की उठून चालू लागावे. याला हवाला म्हणतात. परकीय चलनाच्या 1999 च्या कायद्याप्रमाणे, ज्याला 'फेमा' म्हणतात, अशा व्यवहारात गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. सात लाखांच्या मागे एकवीस लाख! एजंट नामानिराळा राहतो, आणि सापडतो तो रोख देणारा बाप.

सरळ मार्ग आहे आणि तो बँकेतून जातो. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पैसा परदेशी पाठवण्याची सोय रिझर्व्ह बँकेने दिलेली आहे. 2004 साली ही सोय सुरू झाली तेव्हा मर्यादा 25 हजार डॉलर होती. या मर्यादेत राहून परदेशातल्या कंपनीचा हिस्सा घेता येतो. त्याचे नियम ऑगस्ट 2022 मध्ये नव्याने आले. बँकेत 'एफसी' नावाचा फॉर्म भरायचा, रिझर्व्ह बँकेचा नोंदणी क्रमांक घ्यायचा आणि मगच पैसा पाठवायचा. हिस्सा मिळाल्याचा पुरावा सहा महिन्यांत बँकेला द्यायचा. पुढे वार्षिक अहवालाची जबाबदारी असते, आणि हिस्सा विकला तर ते पैसे 90 दिवसांत भारतात आणायचे. दहा टक्के असो की दोन टक्के, शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीतला लहानसा हिस्साही या नियमांत येतो. शिवाय प्राप्तिकराच्या विवरणात परदेशातली मालमत्ता दाखवावी लागते. लपवली तर 2015 चा काळ्या पैशाचा कायदा आहे.

दोन गोष्टी गरिबाच्या घरासाठी फार महत्त्वाच्या. अशी गुंतवणूक परदेशी पाठवण्यासाठी बँकेने कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. तेव्हा "कर्ज काढून पाठवा, सगळे करून देतो" म्हणणारा खोटे बोलतो. दुसरे, वर्षाला 10 लाखांच्या वर रक्कम गेली तर 1 एप्रिल 2025 पासून वरच्या रकमेवर 20 टक्के कर बँक आगाऊ कापून घेते. तो पुढे विवरण भरून परत मिळू शकतो किंवा वळता होतो, पण तोपर्यंत हात अडकतो.

आणि जो मुलगा आधीच नोकरीनिमित्त तिकडे गेलेला आहे, त्याचे काय? कामासाठी देश सोडून गेलेला माणूस फेमा कायद्याने अनिवासी ठरतो. तिथल्या पगारातून साठवलेल्या पैशावर त्याने तिथे कंपनी काढली तर वरची मर्यादा त्याला लागत नाही. म्हणजे कायदाच जणू सुचवतो की आधी तिथे जाऊन कमव, मग तिथल्या कमाईतून घाल.

पार्टनर की कामगार?

आता मुद्द्याचे. मी मुलाला विचारले, "तू तिथे रोज काय करणार?"

"ए.सी. दुरुस्त करणार, काका. कंपनीचे काम."

"पैसे कसे मिळणार?"

"महिन्याला पगार देतील म्हणाले."

"मग तू मालक कसा?"

पोर गप्प झाले. इथेच मेख होती. काम मजुराचे, पगार मजुराचा, पण कागदावर भागीदार! तिथल्या कामगार कायद्याने, जो 2021 साली नव्याने झाला, भरतीचा आणि व्हिसाचा खर्च कामगाराकडून घेता येत नाही, तो मालकाने सोसायचा असतो. एक वर्ष पूर्ण झाल्यावर ग्रॅच्युइटीचा हक्क येतो. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचा मूळ पगार, त्यापुढच्या वर्षांसाठी 30 दिवसांचा. पगार थकला तर कामगार खात्याकडे तक्रार करता येते. पण तुम्ही स्वतःच कंपनीचे भागीदार असाल तर तक्रार कुणाविरुद्ध करणार? स्वतःविरुद्ध?

उलट कंपनीची देणी अंगावर येण्याचा धोका. मर्यादित जबाबदारीच्या कंपनीत भागीदाराची जबाबदारी त्याच्या हिश्श्यापुरती असते हे खरे. पण मॅनेजर म्हणून तुमचे नाव टाकले, भाड्याच्या चेकवर तुमची सही घेतली, हमीपत्रावर अंगठा घेतला, की ती मर्यादा कागदावरच राहते. न वटलेल्या चेकबाबत तिथला कायदा 2022 पासून थोडा सैल झाला, तरी वसुली कडकच आहे. करार बहुतेक अरबीत किंवा इंग्रजीत. आमच्या मुलाने दोन कोऱ्या कागदांवर सह्या आधीच करून दिल्या होत्या, हे त्या दिवशी कळले. त्याची आई घरी हे ऐकून रडली, असे नंतर स्नेह्यांनी सांगितले.

मी मुलाला माझ्या मावसभावाची गोष्ट सांगितली. घरात कुणी ती काढत नाही, पण लपवून काय साधणार? त्यानेही असाच एका ओळखीच्या माणसाच्या शब्दावर पैसा दिला होता. परवाना निघाला, तो एका वर्षाचा. खोलीचे भाडे, व्हिसा, विमा, सगळे वेगळे. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला पैसे नव्हते. परवाना संपला, व्हिसा संपला, मुदतीपेक्षा जास्त राहिल्याचा दंड रोज वाढू लागला. आम्ही नातेवाइकांनी वर्गणी करून त्याला परत आणला. मावशीने विकलेले अर्धा एकर रान काही परत आले नाही. ते रान तिच्या सासऱ्यांनी सालगडी म्हणून राबून घेतले होते.

कागदावरचा हिशेब

आठव्या दिवशी बापलेक पुन्हा आले. या वेळी मुलाची आई आणि धाकटी बहीणही आली. मी मुद्दाम बोलावले होते. आमच्या सौ.नी चहा ठेवला आणि आम्ही सगळे जमिनीवर सतरंजीवर वही उघडून बसलो.

एका बाजूला मी खर्च लिहिला. परवाना, जागेचे भाडे, व्हिसा, तपासणी, विमा, बँकेत ठेवावी लागणारी शिल्लक, हत्यारे, गाडी, सहा महिने धंदा न चालला तरी जेवणखाण, आणि दुसऱ्या वर्षाचे नूतनीकरण. एजंटाच्या सात लाखांत यातल्या पहिल्या तीनच गोष्टी होत्या. दुसऱ्या बाजूला लिहिले 'गिऱ्हाईक', आणि मुलाच्या हाती पेन्सिल दिली.

"लिही. पहिल्या महिन्यात तुला काम देणाऱ्या पाच जणांची नावे."

त्याला एकही नाव लिहिता आले नाही. मग मी विचारले, "आणि परभणीत?" त्याने भराभर अकरा नावे लिहिली. दवाखाने, दुकाने, एक मंगल कार्यालय.

बहीण हळूच म्हणाली, "दादा, मग तुझी कंपनी तर इथंच हाय की."

त्या पोरीने माझे आठ दिवसांचे वाचन एका वाक्यात सांगितले.

त्यानंतर ठरले ते असे. बापाच्या फंडाला हात लावायचा नाही. मुलीची फी बाजूला काढून बाकी रक्कम ठेवीत. मुलाने 'उद्यम' नोंदणी केली. 2020 पासूनची ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, तिला एजंट लागत नाही. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि सरकारी कंपन्यांनी लहान उद्योगांकडून करायच्या खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी 4 टक्के वाटा राखलेला आहे, हेही त्याला सांगितले. आपले किती जण या वाट्यावर हक्क सांगायला जातात? आपल्याच शेजारच्या लातूर जिल्ह्यातले मिलिंद कांबळे यांनी 2005 साली पुण्यात दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संघटना उभी केली, ती याच जाणिवेतून. आपण फक्त नोकरी मागणारे नाही, काम देणारेही होऊ शकतो.

दुबईचे स्वप्न मुलाने सोडलेले नाही, आणि सोडूही नये. आखाती देशात कामाला जायचे तर 1983 च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी असलेल्या एजंटाकडूनच जायचे, त्याचा नोंदणी क्रमांक सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर तपासायचा, आणि टुरिस्ट व्हिसावर कामाला मुळीच जायचे नाही, एवढे त्याने पाठ केले आहे. तीन-चार वर्षे तिथे पगारावर काम करीन, बाजार पाहीन, भाषा शिकेन, मग माझ्या पैशावर माझी कंपनी काढीन, असे तो म्हणतो. हा क्रम मला पटतो.

एजंटाकडून त्या दोन कोऱ्या कागदांचा पाठपुरावा अजून चालू आहे. आम्ही सह्या रद्द केल्याचे पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवले आणि पोहोचपावती जपून ठेवली आहे. टोकन म्हणून दिलेले 20 हजार परत येतील असे वाटत नाही. स्नेही म्हणतात, "भाऊ, तेवढी शिकवणीची फी समजू."

वाचकहो, 1923 साली लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या महामानवाचे आपण वारस. रुपयाचा हिशेब आपल्याला परका नाही. तेव्हा घरात असा रंगीत कागद आला तर चार प्रश्न विचारा. पैसा बँकेतून जाणार की रोख? परवाना नेमक्या कोणत्या कामाचा? सही करतोय त्यात मी मालक की मजूर? आणि माझे पहिले पाच गिऱ्हाईक कोण? हे प्रश्न घरातल्या बायांसमोर विचारा. आणि उत्तरे येईपर्यंत पेनाचे टोपण काढू नका.